रिव्हर्स बल्बच्या वायरीपासून पुढे

"वायरलेस आहे म्हणजे वायर ओढायलाच लागत नाही, बरोबर ना?" गाडीला मागचा (रिव्हर्स) कॅमेरा बसवायला आलेल्या गिऱ्हाइकाकडून हा प्रश्न ऐकल्याशिवाय आमचा एक आठवडाही जात नाही. त्याचं उत्तर आम्ही गाडीला हात लावायच्या आधी देतो. चित्र हवेतून येतं, करंट हवेतून येत नाही. मागच्या कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागतात आणि ते रिव्हर्स बल्बच्या वायरीतूनच घ्यावे लागतात. पुढच्या स्क्रीनलाही सप्लाय लागतो. वाचते ती फक्त डिकीपासून डॅशबोर्डपर्यंतची व्हिडिओची वायर. हे आधी सांगितल्यावर दोन गिऱ्हाइकं परत गेली तरी चालतात.

दुकान कोल्हापुरात शाहूपुरीत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरू केलं. तेव्हा काम एकच, सीट कव्हरं शिवायची. जीप, ॲम्बॅसेडर, मग मारुती ८००. त्यांचं शिलाई मशीन अजून चालू आहे. मी उद्यमनगरात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हाताखाली राहून वायरिंग शिकलो आणि दुकानात हॉर्न, टेप, सेंट्रल लॉक अशी कामं वाढत गेली. कॅमेरे त्यानंतर आले.

सुरुवातीला सगळे वायरवाले. एका गाडीला अर्धा दिवस जायचा. दाराच्या पट्ट्या काढा, कार्पेट उचला, डिकीच्या दाराच्या रबरी नळीतून वायर सरकवा. मग वायरलेस सेट बाजारात आले आणि तेच काम दीड तासात व्हायला लागलं. आम्ही खूश, गिऱ्हाईकही खूश. एका महिन्यात बरेच सेट बसवले.

मग एक दिवस राजारामपुरीतले एक सर दुकानात आले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं. म्हणाले, "मालक, माझ्या स्क्रीनवर दुसऱ्याचीच भिंत दिसालीय." सकाळी अपार्टमेंटच्या पार्किंगमधून ते गाडी मागे घेत होते. स्क्रीनवर मोकळी जागा आणि लांब एक भिंत. प्रत्यक्षात त्यांच्या मागे वॉचमन पाइप घेऊन फरशी धूत होता. त्यानं डिकीवर थाप मारली म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी मी तिथं गेलो. वरच्या मजल्यावरच्या एकांची गाडीही आमच्याकडेच झाली होती, सेटही तोच. दोन्ही गाड्या एकाच वेळी रिव्हर्सला टाकल्या आणि सरांच्या स्क्रीनवर शेजारच्या गाडीमागची भिंत आली. ते सेट ॲनालॉग होते. २.४ गिगाहर्ट्झवर सिग्नल सोडायचा आणि समोरच्या रिसीव्हरनं जो जोरात मिळेल तो पकडायचा, ओळख वगैरे काही नाही. वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतात, त्यामुळं चित्रात मुंग्या यायच्या त्याचंही कारण तेच. डिजिटल सेटमध्ये कॅमेरा आणि स्क्रीनची जोडी लावून द्यावी लागते, मग दुसऱ्याचं चित्र शिरत नाही.

रात्री आबांनी हिशोबाची वही उघडली आणि त्या महिन्याची नावं एकेक करून वाचली. मी फोन लावत गेलो. सगळ्या गाड्या परत बोलावल्या, सेट काढले, काहींना डिजिटल बसवले, बहुतेकांना सरळ वायर ओढून दिली. एक रुपया घेतला नाही. तो महिना तोट्यात गेला. पण त्या यादीतली बरीच माणसं आजही आमच्याकडेच येतात आणि ते सरही येतात.

त्यानंतर कामाची पद्धतच बदलली. गाडी आली की हँडब्रेक लावायचा, इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करायचं, रिव्हर्स टाकायचा आणि टेस्ट लॅम्पनं रिव्हर्स बल्बची पॉझिटिव्ह वायर शोधायची. रंग बघून अंदाज करायचा नाही. कंपनीची वायर कापायची नाही, जमेल तिथं कपलर, म्हणजे खटकन बसणारा तयार जोड, लावायचा. नाहीच जमलं तर सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. नुसत्या टेपचा जोड आमच्या दुकानात चालत नाही, पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं आणि वायर हिरवी पडते. काही नव्या गाड्यांत बल्बला करंट तुटक तुटक येतो आणि चित्र लुकलुकतं. तिथं करंट सलग मिळावा म्हणून फिल्टर किंवा रिले घालावा लागतो. ट्रान्समीटरची डबी पत्र्याला चिकटवून ठेवायची नाही, अँटेना प्लास्टिकच्या अस्तराकडे यायला पाहिजे.

नंबर प्लेटच्या मागे पट्टी अडकवायचे कॅमेरे आता आम्ही ठेवतच नाही. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं लॉक एकदाच बसतं, काढलं की तुटतं. आम्ही त्याला हात लावत नाही.

१ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, तेव्हा वाटलं आता कॅमेऱ्याचा धंदा बसला. (अमेरिकेत २०१८ पासून नव्या कारना कॅमेराच सक्तीचा आहे.) झालं उलटंच. सेन्सर वाजतो, पण कशामुळं वाजतो ते सांगत नाही, आणि बुटका दगड त्याला कळेलच असं नाही. डिकीला लागून तीन वर्षांचं पोर उभं असेल तर ते काचेतूनही दिसत नाही आणि आरशातही दिसत नाही. नातवंडं झाली की आजोबाच गाडी घेऊन येतात, हे मी कितीदा तरी बघितलंय.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. दुकानात पाणी शिरलं. मशीन आबांनी आधीच माळ्यावर चढवलं होतं, सेटची खोकी खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर पुराच्या गाड्यांचे कॅमेरे उघडून बघितले, तर कॅमेरे बरे होते आणि जोड सडले होते. तेव्हापासून जोड शक्यतो उंचावर, डिकीच्या वरच्या अंगाला घेतो.

आज लहान कारला मी वायरवालाच सुचवतो, वेळ लागला तरी. वायरलेस डिजिटल सेट पिकअपला खरा उपयोगी पडतो, कारण केबिन आणि हौदा वेगळा असतो आणि मधली वायर घासून तुटते. पण डिजिटलचं चित्र किंचित उशिरा येतं, म्हणून गाडी हळू घ्या असं प्रत्येकाला सांगतो.

गाडी ताब्यात देण्याआधी एक काम अजून राहतं. दुकानासमोरच्या फरशीवर एक, दोन आणि तीन मीटरवर पिवळ्या ऑइल पेंटच्या रेषा आहेत. स्क्रीनवरची लाल रेष नेमकी किती अंतरावर पडते, हे गिऱ्हाइकानं स्वतः गाडी मागे घेऊन बघायचं. मागे आबा लाकडी स्टूल ठेवतात. चित्र आरशासारखं उलटं दिसतंय ना, डावं डावीकडेच येतंय ना, हे ते स्वतः बाजूला हात हलवून विचारतात. तिथून "दिसतंय" असा आवाज आल्याशिवाय बिल होत नाही.