खुफूच्या पिरॅमिडच्या आत जायचंय? आधी कैरो पार करा

गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड, म्हणजे खुफू राजाचा, आतून बघायचा होता. ग्रुप टूर नको होती म्हणून मेट्रोने गिझा स्टेशनला उतरलो. मेट्रो एकदम सुटसुटीत आहे, खरा गोंधळ बाहेर. मायक्रोबसवाले "हरम, हरम" ओरडत असतात, पिरॅमिडकडे जाणारी तीच, बोर्ड नाही स्टॉप नाही, धावती गाडी जरा हळू झाली की चढायचं. पण आत गंमत बघा, भाड्याचे पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुट्टे त्याच वाटेने परत येतात, एक पौंड इकडचा तिकडे होत नाही.

गेटजवळ कोणीतरी ऐटीत सांगणारच की एन्ट्री इकडून बंद आहे, माझ्याबरोबर या. जाऊ नका, तो उंट-घोडेवाल्यांकडे नेतो. "ला, शुक्रन", म्हणजे "नको, धन्यवाद", म्हणायचं आणि थांबायचं नाही. खिडकीवर दोन तिकिटं काढली, एक परिसराचं आणि एक खुफूच्या आत जायचं, तेही कार्डवर, कॅश चालली नाही.

आत काय, रिकामी खोली तर आहे, कशाला पैसे घालवायचे असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. आधी ओबडधोबड खोदलेला बोगदा, मग चढणीची अरुंद वाट, उंची जेमतेम सव्वा मीटर, पायाखाली पट्ट्या ठोकलेल्या लाकडी फळ्या, वरून उतरणारी माणसं त्याच वाटेने अंगावर येतात, घाम, दम, सगळ्यांचा एकच वास. गुडघे बोलायला लागले आणि एकदम ताठ उभं राहता आलं, वर बघतो तर साडेआठ मीटर उंच गॅलरी, दोन्ही भिंती थराथराने आत सरकत वर जवळ आलेल्या! साडेचार हजार वर्षांपूर्वीचं काम हे. वरच्या खोलीचं छत नऊ ग्रॅनाइटच्या शिळांचं, दगड पार अस्वानहून नाईलमधून आणलेला. आणि ती शवपेटी, झाकण गायब, एक कोपरा फुटलेला, ती चढणीच्या त्या वाटेपेक्षा किंचित रुंद आहे, म्हणजे बांधकाम चालू असतानाच आत ठेवली असणार. मी तिथे उभा राहून मनातल्या मनात माप घेत बसलो, मागचे लोक वैतागले.

बाहेर आल्यावर शेजारचा खाफ्रेचा पिरॅमिड नीट बघा, टोकाला गुळगुळीत दगडाचं कवच अजून शिल्लक आहे. खुफूलाही तसंच होतं, ते काढून मध्ययुगात कैरोतल्या इमारतींना वापरलं. इथे लोक कुरकुरतात की एवढ्या जुन्या जागेला शहर येऊन भिडलंय, हॉर्न इथपर्यंत ऐकू येतात वगैरे. अहो, त्या शहराच्या भिंतीत पिरॅमिडचाच दगड आहे, मग तक्रार कसली.

सक्काराला, म्हणजे जुन्या पिरॅमिडांच्या दुसऱ्या जागी, जायचं असेल तर मात्र मेट्रो-मायक्रोबसच्या भानगडीत पडू नका, दिवसभराची गाडी ठरवा आणि भाडं बसायच्या आधी बोला.