खडीच्या कोठीत ऊन

वाईजवळ आमचा आवळा कँडीचा घरगुती उद्योग आहे. सोलर ड्रायर होताच, पण डिसेंबरात ऊन डोंगराआड गेलं की तो गार पडे आणि अर्धवट वाळलेल्या फोडी रात्री पुन्हा दमट होत. म्हणून दिवसाची उष्णता रात्रीसाठी साठवायला शेजारी खडीची कोठी बांधायला घेतली. कल्पना जुनीच. अमेरिकी अभियंते जॉर्ज लॉफ यांनी 1957 मध्ये तिथल्या डेन्व्हर शहरातल्या घरात, छतावर तापलेल्या हवेची उष्णता दगडांनी भरलेल्या उभ्या नळकांड्यांत साठवली होती.

किलोमागे पाणी दगडाच्या जवळपास पाचपट उष्णता धरतं, मान्य. पण मला तापवायची होती हवा. पाणी म्हटलं की टाकी, पाइप, गळती आली. खडीतून हवा थेट जाते.

क्रशरवरून चाळीस एमएमची अर्धा ब्रास (पन्नास घनफूट) खडी आणली. फार बारीक घेतली तर पंख्यावर ताण येतो, मोठ्या डबराचा गाभा तापत नाही. ती धुवायला सांगितली तेव्हा गवंडीमामा हसले, "ताई, स्लॅबच्या खडीचेसुद्धा एवढे लाड होत नाहीत!" पण भुकटी राहिली तर कँडीवरच बसणार. दुहेरी भिंतीत भाताचं तूस भरलं, तळाशी विटांवर वेल्डमेशची लोखंडी जाळी टाकून हवेला जागा ठेवली.

खरी मेख आहे हवेच्या दिशेत. दिवसा गरम हवा वरून सोडायची. वरचे थर आधी तापतात, तळ गार राहतो आणि तिथून निघालेली गार हवा कलेक्टरकडे, म्हणजे उन्हात हवा तापवणाऱ्या भागाकडे, परत जाते. कलेक्टरला हवा जितकी गार मिळेल तितकी तो उष्णता जास्त उचलतो. रात्री उलटं: बाहेरची हवा खालून घ्यायची, वरून ड्रायरमध्ये सोडायची. म्हणजे बाहेर पडताना तिची गाठ सर्वांत तापलेल्या खडीशी पडते. रात्रीही वरूनच सोडली, तर वर तापलेली हवा तळाच्या गार खडीत पुन्हा निवते. ड्रायरची ओली हवा मात्र कोठीत फिरवायची नाही. गार खडीवर पाणी सुटतं, मग बुरशी.

दोनेक टन खडी 25 अंशांनी तापली तर विजेच्या हिशेबात साधारण 12 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता साठते. आमच्या ट्रेंना पुरते. शेजारचे पोल्ट्रीवाले दादा पिल्लांच्या शेडसाठी विचारत होते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32 अंशांच्या वर ऊब लागते आणि ढगाळ दिवस पिल्लांना विचारून येत नाही. त्यांना म्हटलं, कोठी बांधा, पण ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारा हीटर) विकू नका.