नामीच्या घराचं छप्पर

बायबलमधल्या बायकांवर गोष्ट लिहायची म्हटली की बरेच जण सरळ गुणांपासून सुरू करतात, रूथ म्हणजे निष्ठा, एस्तेर म्हणजे धाडस, हन्ना म्हणजे प्रार्थना, झालं. उपदेशाला ते ठीक आहे, पण गोष्टीत मला ती बाई दिसतच नाही. मला आधी कळायला हवं की तिच्या घरात पीठ किती होतं, पाणी किती लांबून आणायला लागायचं, चुलीत काय जाळत होती. नाशिकच्या शरणपूर रोडला आमच्या महिला मंडळात मी अधूनमधून अशा गोष्टी लिहून वाचते आणि म्हाताऱ्या बायका सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात ते याच गोष्टींबद्दल, म्हणून आज जरा सविस्तर टाइप करतेय.

रूथ आणि नामी घ्या, सून आणि सासू, दोघी विधवा. मवाब या परक्या देशातून त्या बेथलेहेमला आल्या तेव्हा सातूची कापणी नुकती सुरू झाली होती, हे शास्त्रात स्पष्ट लिहिलंय. नामीची मवाबात दहाएक वर्षं गेली असंही लिहिलंय. बेथलेहेमात घर उभं होतं का ते लिहिलेलं नाही, पण शेवटच्या अध्यायात नामीचा नवरा अलीमलेख याच्या जमिनीचा विषय निघतो, मग जमीन होती तर घर पण असणार असं मी धरून चालले. आता दहा वर्षं बंद पडलेल्या मातीच्या घराचं काय होतं सांगा. तिकडची तेव्हाची घरं म्हणजे दगड नाहीतर कच्च्या विटांच्या भिंती, वर लाकडाची तुळई, तुळईवर काटक्या आणि त्यावर मातीचा थर, छप्पर सपाट. नांदगाव-येवल्याकडची धाब्याची घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या आत्याचं घर तसलंच आहे, मे महिन्यात वर पांढरी माती टाकून चोपायची राहिली की पहिल्या पावसात घरभर पातेली मांडायला लागतात, आणि हे एका वर्षात, इथे तर दहा वर्षं कोणी वर चढलंच नाही. म्हणून माझ्या गोष्टीत नामी गावातल्या बायकांना "मला नामी म्हणू नका, मारा म्हणा" (मारा म्हणजे कडू) असं सांगून घरात शिरते आणि पहिल्यांदा मान वर करते. नवरा गेला, दोन्ही पोरं गेली, सगळं खरं आहे, पण त्या रात्री झोपायचं कुठल्या कोपऱ्यात हे ठरवायला वर बघायलाच लागतं ना.

पावसाचा हिशोब मात्र आपल्याकडचा लावायचा नाही. तिकडे पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, हिवाळाभर पडतो आणि सातू एप्रिलच्या आसपास कापणीला येतं तोवर थांबलेला असतो. म्हणजे छप्पर नीट करायला नामीच्या हातात पाच-सहा महिने होते. रूथ दिवसभर शेतात, मग माती कोणी कालवली? मी हे काम नामीला दिलंय. शास्त्रात ती या काळात घरी बसून वाट बघते असंच वाटतं, पण मला नाही पटत की तसली बाई नुसती बसून राहिली असेल.

आणि तो सरवा, म्हणजे कापणाऱ्यांच्या मागून शेतात पडलेली कणसं वेचणं, रूथ तेच करायला जायची. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात नियमच आहे, शेताच्या कडेचं कापायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही, द्राक्षमळ्यात गळालेले मणी वेचायचे नाहीत, ते गरिबांना आणि परक्यांना ठेवायचे. निफाड-दिंडोरीकडे बागेत काम करणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या बायका ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा नियम वाचताना वेगळंच काहीतरी होतं, मला तरी होतं. रूथनं संध्याकाळी सगळं वेचलेलं झोडपलं तर एफाभर सातू निघालं. एफा म्हणजे साधारण 22 लिटर धरतात, तेरा-चौदा किलो तरी वजन होणार, ते डोक्यावर घेऊन ती दिवसभर वाकल्यानंतर चालत घरी आली. पण माझं मन अडकतं ते दुपारच्या जेवणात. शेताचा मालक बवाज तिला भाजलेले दाणे देतो, ती पोटभर खाते आणि उरतात, आणि घरी आल्यावर ते उरलेले ती सासूला काढून देते. एका वाक्याची गोष्ट आहे ती. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ते दाणे कुठे होते? मी ते तिच्या ओढणीच्या गाठीत बांधलेत, घामानं थोडे मऊ झालेले, आणि नामी विचारते, "तू जेवलीस का गं?" रूथ म्हणते, "हो आई, पोट भरलं, हे तुमचे." बाकी काही लिहिलं नाही तिथे.

अजून एक, लिहिणाऱ्यांसाठी. रूथला गोल फिरणाऱ्या जात्यावर बसवू नका. ती जाती तिकडे खूप नंतर आली, प्रभू येशू म्हणतात ना दोघी जात्यावर दळत असतील, तोपर्यंत आली होती. रूथच्या वेळी खाली लांबट दगड, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वरचा दगड पुढे-मागे ढकलायचा, रोज काही तास. सीरियात अबू हुरैरा म्हणून फार जुनं ठिकाण आहे, रूथच्याही हजारो वर्षं आधीचं, तिथल्या बायकांच्या सांगाड्यांत पायाचा अंगठा, गुडघे आणि कंबर याच दळण्यानं झिजलेली सापडलीत. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात गहाण म्हणून दळायचा दगड घ्यायला मनाई आहे, कारण तो नेला म्हणजे घराचं जेवण नेलं.

सध्या मी रिस्पावर लिहितेय आणि ही सगळ्यात अवघड आहे. शौल राजाची उपपत्नी. त्याच्यानंतर राजा झालेल्या दाविदानं तिची दोन मुलं आणि शौलाचे पाच नातू गिबोनी लोकांच्या हातात दिले, त्यांनी सातही जणांना डोंगरावर मारून टांगलं. ही बाई गोणपाट घेऊन खडकावर बसली, सातूच्या हंगामाच्या सुरुवातीपासून आकाशातून पाऊस पडेपर्यंत, दिवसा पक्षी आणि रात्री जनावरं हाकलत. किती दिवस ते शास्त्र मोजत नाही, पण वरचा हंगामाचा हिशोब लावा, नेहमीचा पाऊस धरला तर आख्खा उन्हाळा होतो. दाविदाला हे कळलं तेव्हा त्यानं शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी आणवल्या, या सातांच्याही गोळा करवल्या. ती स्वतः पूर्ण प्रसंगात एक शब्द बोलत नाही.

तिला मी बोलायला लावणार नाही. पण माणूस इतके महिने खडकावर पाण्याशिवाय बसू शकत नाही, खाणंपिणं कुणीतरी आणून देत असणारच, आणि राजाविरुद्ध जाऊन नाही तर गुपचूप, पहाटे, घरचं पाणी भरायला निघालेली एखादी बाई. तिचं नाव शास्त्रात नाही. गोष्ट मी तिच्या तोंडून सांगतेय, रोज एक घागर जास्त भरून ती घरच्यांना काय कारण सांगायची, तिथपर्यंत आलेय.