‘पुढं काय करणार?’ सोडून बाकीचे प्रश्न

अकरावी-बारावीच्या मुलामुलींबरोबर गोल करून बसायचं आणि त्यांना बोलतं करायचं. शिकवणं नाही, समुपदेशनही नाही. साताऱ्यात एका संस्थेच्या या कामासाठी मी नाव दिलं, आणि पहिल्या गटासमोर बसेपर्यंत अडीच महिने गेले. अर्ज, ओळखीच्या दोघांची पत्रं, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, दोन दिवसांचं प्रशिक्षण, आणि मग दुसऱ्यांची तीन सत्रं तोंड बंद ठेवून बघायची. पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. आधार, पत्त्याचा पुरावा आणि संस्थेचं पत्र हाताशी ठेवावं. आधारवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळे असतील, तर सगळं तिथंच अडतं. तेवढं आधी दुरुस्त करून घ्या.

गट आठ ते दहा जणांचा. बारा झाले की दोघं-तिघं कोपऱ्यात गप्प बसून वेळ काढतात. वर्गातले लांब बाक गोल होत नाहीत, म्हणून सतरंजी. मुलं ‘मॅडम’ म्हणतात, मी पहिल्याच दिवशी ‘ताई’ म्हणायला सांगते. ‘मॅडम’ म्हटलं की पाठोपाठ बरोबर उत्तर शोधणं येतं. बोलणाऱ्याच्या हातात द्यायला एक वस्तू लागते. डस्टर नको, तो हातात आला की पोरं मास्तरांची नक्कल करतात. चेंडू नको, त्याची फेकाफेकी होते. आम्ही घडी घातलेला पंचा वापरतो.

सत्र ६० मिनिटांचं. पहिली ५ जमायला, ५ चिठ्ठीवर लिहायला, १० जोडीत बोलायला, ३० गोलात, शेवटची १० आवरायला. चिठ्ठी आणि जोडी कधीही गाळू नये. जे आधी कागदावर उतरलंय आणि एकाला सांगून झालंय, तेच दहाजणांत सांगायचा धीर होतो. थेट गोलात प्रश्न टाकला की पहिला धीट मुलगा बोलतो आणि उरलेले ‘माझंबी तसंच’ म्हणून पंचा पुढं सरकवतात. शेवटची १० मिनिटंही खाऊ नयेत. मेढ्याकडची, ठोसेघरकडची मुलं एस.टी.नं जातात. गाडीची वेळ जवळ आली की कान दाराकडे लागतात, आणि अर्धवट उघडं पडलेलं मूल तसंच उठून जातं. म्हणून आम्ही घड्याळ गाडीपासून उलटं मोजतो.

आता प्रश्नांचं. ‘पुढं काय करणार?’ विचारा, अर्धा गट म्हणेल ‘पोलीस भरती’, उरलेल्यांतले निम्मे ‘एमपीएससी’. ही घरच्या पाहुण्यांसाठी पाठ केलेली उत्तरं असतात. अग्निवीर म्हणणाऱ्याला ‘चार वर्षांनी बाहेर पडलास तर?’ असं विचारलं की तो गप्प होतो. जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होतो हे त्याला माहीत असतंच, ते ऐकवणारी माणसं त्याच्या घरी भरपूर आहेत. त्याऐवजी विचारावं, ‘पहिल्यांदा सोळाशे मीटर पळायला गेलास, तेव्हा बरोबर कोण होतं?’ मग मैदान येतं, मित्र येतो, धाप लागल्याची लाज येते, आणि तिथून कधीकधी घरातलं कर्जसुद्धा येतं. प्रश्न एका दिवसाचा, एका जागेचा असावा.

‘का’ शक्यतो टाळावं. ‘का गेला नाहीस?’ म्हटलं की मूल सबब शोधतं. ‘त्या दिवशी काय झालं?’ म्हटलं की सांगायला लागतं.

‘तुझे आई-वडील काय म्हणतात?’ हा साधा वाटणारा प्रश्न आमच्याकडे हमखास फसतो. जावळी, पाटणकडच्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं माथाडीच्या कामानं नवी मुंबईत, आणि मुलं इथं आजी-आजोबांजवळ. ‘घरात तुझं कोण ऐकतं?’ असं विचारलं की आजीपासून चुलत्यापर्यंत कुणीही चालतं.

प्रश्न विचारल्यावर मनात १५ पर्यंत आकडे मोजायचे. बोलायला सोपं आहे. सहाव्या-सातव्या आकड्याला आपल्यालाच राहवत नाही आणि आपण प्रश्न सोपा करून पुन्हा विचारतो, म्हणजे येऊ घातलेलं उत्तर दाबतो. सल्ल्याचंही तसंच. ‘मी तुझ्या जागी असते तर’ हे वाक्य जिभेवर आलं की आधी आणखी दोन प्रश्न विचारायचे, असा नियम मी लावून घेतला. दोन प्रश्नांनंतर सल्ल्याची गरज बहुतेक वेळा उरत नाही.

सगळ्यांत कडक भाग गुपिताचा. ‘इथलं बाहेर जाणार नाही’ असं सरसकट वचन कधीही देऊ नका. पहिल्या सत्रात, पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं: कुणी तुम्हाला इजा करत असेल, तुम्ही स्वतःला करणार असाल किंवा दुसऱ्याला करणार असाल, तर ते मी पुढं सांगणार. मुलानं सांगून झाल्यावर हा नियम काढला तर तो विश्वासघातच वाटतो. अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ कळवणं बंधनकारक करतं. न कळवणं हाही गुन्हा आहे. अशा वेळी खोदून विचारायचं नाही, तो तपास आपला नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहायचे आणि त्याच दिवशी समन्वयकाकडे जायचं. अठरा पुरी नसताना लग्न ठरलेली मुलगी गटात असली तरी असंच. बालकांसाठी १०९८ आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही आकडे पहिल्याच चिठ्ठीच्या मागं छापलेले असतात. सत्राच्या शेवटी ते वाचून दाखवायचे नाहीत, मुलं एकमेकांकडे बघायला लागतात.

बाकीचे नियम रुक्ष आहेत, पण पाळायचेच. दार उघडं. एकट्या मुलाशी बोलायचं तर व्हरांड्यात, जिथून दुसरं कुणीतरी बघू शकेल. स्वतःचा नंबर द्यायचा नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये समन्वयक हवाच. गाडीवर लिफ्ट नाही, उसने पैसे नाहीत. लिफ्टचा नियम पावसात फार जाचतो.

सहा सत्रं, आठवड्याला एक, ऑगस्ट ते ऑक्टोबर. गणपतीचा आठवडा वजा धरावा. परतीचा पाऊस एखादं सत्र खातो, म्हणून एक तारीख हाताशी राखून ठेवायची. दिवाळीनंतर ओढत नेऊ नये, कारण बारावीची प्रात्यक्षिकं डोक्यावर येतात आणि मुलं अंगानं हजर, मनानं गैरहजर असतात. शेवट चौथ्या सत्रापासूनच सांगत राहायचा, ‘आता दोन राहिली’. न सांगता संपवलं की पुढच्या आठवड्यात दोघं-तिघं रिकाम्या वर्गासमोर येऊन उभी राहतात. शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत. माझ्या वहीतली नावं नसलेली टिपणं समन्वयकाकडे जमा. पुढच्या वर्षीच्या गटासाठी अर्ज जुनाच चालतो, पडताळणी मात्र नव्यानं करून घ्यावी लागते.