सरांनी शिकवलेला भूकंप

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. इमारतींच्या आराखड्यांत भूकंपाचा विचार करणं हे आज माझं काम आहे आणि त्या कामाची गोडी नववीत, भूगोलाच्या तासाला लागली.

भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, सरकतात म्हणून जमीन हादरते, एवढंच पुस्तकात होतं. सरांनी विचारलं, ‘‘पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सतत सरकतात, मग भूकंप सतत का होत नाही?’’ आणि लाकडी फूटपट्टी दोन्ही हातांनी वाकवत नेली. प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडकांतल्या मोठ्या भेगेच्या, दोन्ही बाजूंचे खडक घर्षणामुळे एकमेकांत अडकून बसतात, तसेच वाकत राहतात, ताण साठवतात. घर्षण अपुरं पडलं की सटकतात आणि जमीन हादरते. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात सॅन अँड्रियास प्रस्तरभंग चारशेहून अधिक किलोमीटर लांबीवर सरकला. आधीच्या आणि नंतरच्या जमीनमोजणीच्या नोंदी ताडून शास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी हेच कारण मांडलं.

पण खरा रंगला तो पुढचा तास. सरांनी तीन भूकंपमापन केंद्रांवरच्या भूकंपालेखांच्या, म्हणजे यंत्राने हादऱ्यांच्या काढलेल्या आलेखांच्या, प्रती वाटल्या. आधी प्राथमिक लहरींची बारीक थरथर, काही सेकंदांनी दुय्यम लहरींची मोठी उसळी. कवचाच्या खडकातून प्राथमिक लहरी सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावतात, दुय्यम साडेतीन. म्हणून जवळच्या भूकंपात दोघींच्या येण्यात जितक्या सेकंदांचा फरक, त्याच्या आठपट किलोमीटर अंतर! आम्ही मोजलं, नकाशावर प्रत्येक केंद्राभोवती तेवढ्या अंतराचं, अशी कंपासने तीन वर्तुळं काढली. ती अगदी एका बिंदूत भेटली नाहीत, मधे छोटा तुकडा उरला. ‘‘उरणारच,’’ सर म्हणाले, ‘‘भूकंपाची नाभी, म्हणजे तो सुरू होतो ती जागा, जमिनीखाली खोल असते, आणि तुम्ही वर्तुळं काढलीत जमिनीवर.’’ कधी न पाहिलेल्या ठिकाणचा भूकंप आम्ही पट्टीने शोधला होता. तो आनंद अजून ताजा आहे.

आकड्यांबाबत सर फार काटेकोर. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये भूकंप मोजण्याची आपली श्रेणी मांडली. शंभर किलोमीटरवरच्या ठरावीक यंत्राने एक मिलिमीटरची रेघ काढली, तर परिमाण, म्हणजे भूकंपाच्या आकारमानाचा आकडा, तीन. परिमाण एकाने वाढलं की रेघ दहापट होते, ऊर्जा मात्र सुमारे बत्तीसपट. फार मोठ्या भूकंपांना ही श्रेणी तोकडी पडते. तिथे प्रस्तरभंगाचं सरकलेलं क्षेत्रफळ, सरकण्याचं अंतर आणि खडकाची दृढता यांवरून परिमाण काढतात. १९६० चा चिलीचा भूकंप याच हिशेबाने ९.५, यंत्रांनी नोंदवलेल्यांत सर्वांत मोठा.

पण परिमाणावरून नुकसान ठरत नाही, हे सरांनी मेक्सिको सिटीच्या उदाहरणाने सांगितलं. १९८५ चा भूकंप झाला शेकडो किलोमीटर दूर, किनाऱ्याजवळ. तरी जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेल्या भागात हादरे कितीतरी वाढले. गाळाची आंदोलनं मध्यम उंचीच्या इमारतींच्या डोलण्याशी जुळली आणि त्याच सर्वाधिक कोसळल्या. त्यामुळेच आराखडा हाती आला की मी आधी मातीचा अहवाल मागतो.

शाळेला एक विनंती. नववीच्या मुलांना हा प्रयोग जरूर करू द्या. खरे भूकंपालेख आता इंटरनेटवर मोफत मिळतात.