पाळणाघराचा पुरावा ग्रंथालयात चालतो का?

शाळेतला वैचारिक निबंध मला छान जमायचा. सुरुवातीला एखादं सुभाषित, मग फायदे, मग तोटे, आणि शेवटी "प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात" म्हणून सुटका. त्याने कुणाचं मत बदलेल अशी अपेक्षा कुणाचीच नसायची, लिहिणाऱ्याची तर नाहीच. हल्ली मी वेगळा निबंध शिकतेय: ज्याला आपलं म्हणणं मान्य नाही त्याला ते पटवून देणारा. सरावाला विषयही तसाच घेतला. पुस्तक उशिरा परत केल्याबद्दलचा दंड ग्रंथालयांनी बंद करावा, हे माझं मत. वाचक म्हणून धरलं माझ्या मावसबहिणीला. ताई स्वतः ग्रंथपाल आहे आणि दंडाच्या बाजूची आहे. (असा एक वाचक जरूर शोधा. होला हो करणाऱ्या मैत्रिणीला मसुदा दाखवून काही हाती लागत नाही.)

पुरावा माझ्याकडे भक्कम होता. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत एक प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत. म्हणून ६ पाळणाघरांत १० मिनिटांहून जास्त उशिराला दंड लावला. उशीर करणारे कमी व्हायचे ते वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा, की दंड ही उशिराची किंमत होऊन बसली. आधी आपल्यासाठी कुणीतरी ताटकळत बसलंय याची लाज वाटायची. आता पैसे मोजले की हिशेब चुकता.

माझा परिच्छेद असा होता: "दंडाने उशीर कमी होत नाही, उलट वाढतो. हैफाच्या पाळणाघरांत हेच दिसलं. म्हणून ग्रंथालयांनी दंड बंद करावा."

ताईने तो वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, पण माझ्याकडे कोण ताटकळत बसलंय? पुस्तक उशिरा आलं तर कपाटात एक फट राहते. त्या फटीची लाज कुणाला वाटत होती, जी दंडाने गेली?"

हा प्रश्न हैफाच्या आकड्यांवर नव्हताच. आकडे तिला मान्य होते. तिथलं इथे कसं लागू होतं, एवढंच ती विचारत होती, आणि ते सांगणारं वाक्य परिच्छेदात कुठेच नव्हतं.

न्यायदर्शनातलं, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातलं, डोंगरावरच्या आगीचं उदाहरण मला तेव्हा आठवलं. अनुमानाचे पाच अवयव. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. पूर्वी हे वाचताना उपनय मला उगाच वाटायचा, सांगितलेलंच पुन्हा सांगितल्यासारखा. पण पटवण्याचं बहुतेक काम तिथेच होतं. स्वयंपाकघरातून आपण डोंगरावर जातो ते त्याच पायरीने. डोंगरावर दिसतंय ते धुकं असेल, तर स्वयंपाकघर कितीही खरं असो, उपयोग शून्य.

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली युक्तिवादाचा जो आराखडा मांडला, त्यातही दावा आणि पुरावा यांना जोडणाऱ्या तत्त्वाला स्वतंत्र जागा आहे. त्याला ते 'वॉरंट' म्हणतात. बोलताना आपण ते गाळतो, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे असं धरून चालतो. विरोधातला वाचक नेमकं तेच धरून चालत नाही.

तर मी उपनय लिहायला बसले, आणि पाळणाघर हातातून सुटायला लागलं. तिथे समोर माणूस वाट बघतो, इथे नाही. तिथे उशीर मिनिटांचा, इथे आठवड्यांचा. त्यात ताईने आणखी एक खुंटी ठोकली: "दंड काढल्यावर तिथे काय झालं, ते लिही ना." सतराव्या आठवड्यात दंड बंद झाला, पण उशीर करणारे पुन्हा कमी झाले नाहीत. म्हणजे माझाच साक्षीदार म्हणतोय की दंड हटवून पूर्वीचं वळण परत येत नाही.

ही माहिती गाळायची की ठेवायची? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांना, जपानशी युद्ध लांबेल असं पटवणारं भाषण दोन प्रकारे ऐकवलं. एकात फक्त त्या बाजूचे मुद्दे होते, दुसऱ्यात विरुद्ध मुद्द्यांचाही उल्लेख होता. ज्यांना आधीच तसं वाटत होतं त्यांच्यावर एकतर्फी भाषणाचा जास्त परिणाम झाला. ज्यांचं मत उलट होतं त्यांच्यावर दुसऱ्याचा. ताई दुसऱ्या गटातली, तेव्हा माहिती ठेवायची हे ठरलं. मात्र नुसता उल्लेख करून पुढे सरकलं तर विरोधकाचीच बाजू फुकट मांडून दिल्यासारखं होतं. उत्तर द्यावंच लागतं.

उत्तरासाठी मी जवळचा पुरावा शोधला. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंड बंद केला, न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी २०२१ मध्ये. पुस्तक हरवलं तर भरपाई तिथेही द्यावी लागते. ग्रंथालयावरून ग्रंथालयावर यायचं म्हटलं की उपनयाला एक ओळ पुरते. शिवाय मुद्दाही बदलला. उशीर कमी होईल, हा दावा मी सोडून दिला. नवा दावा असा: थकलेल्या दंडाच्या धास्तीने माणूस ग्रंथालयाची पायरी चढेनासा होतो आणि त्याच्याकडचं पुस्तकही घरीच राहतं, हे नुकसान थोड्या उशिराहून मोठं आहे. पाळणाघराला आता एकाच वाक्यात जागा आहे, तीही "दंड लावला की वागणं सुधारतंच असं नाही" एवढ्यापुरती. तेवढा भार ते पेलतं.

ताईने नवा मसुदा लाल पेनाने वाचला. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई वेगळी ठेवल्याबद्दल समासात बरोबरची खूण आली. ज्या पुस्तकासाठी दहा जण नंबर लावून बसलेत, त्यालाही दंड माफ? तिथे तिने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलंय. मी म्हणते अशा पुस्तकांची मुदत कमी करा आणि ते परत येईपर्यंत पुढचं पुस्तक देऊ नका. ती म्हणते, "म्हणजे दंडच झाला की, फक्त पैशांऐवजी पुस्तकात." यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही, म्हणून दाव्यात "नंबर न लागलेल्या पुस्तकांसाठी" असे शब्द घातलेत. दावा आक्रसला खरा, पण तेवढ्यावर ताईने हरकत घेतलेली नाही.