तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे वाजवायचे पैसे किती मिळतात?

सुट्टीत सांगलीला गेले की पहिल्याच जेवणाला काका विचारतात, "अगं, दर बुधवारी व्हायोलिन घेऊन जातेस म्हणे. देतात किती?" 'काही नाही' हे उत्तर त्यांना पटत नाही. आत्याला तर 'पब' हा शब्द कानावर पडला की पुढचं ऐकूच येत नाही. मित्रमैत्रिणीही फोनवर हेच विचारतात, म्हणून एकदाच नीट सांगून टाकते.

मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेत राहते. दिवसा वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी. बुधवारी रात्री साडेनऊला एका पबच्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती आम्ही सात-आठ जण जमतो. दोन-तीन फिडल (म्हणजे व्हायोलिनच, फक्त घराणं वेगळं), लाकडी बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, कधी इलिन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप. यात भाता तोंडाने फुंकायचा नसतो, कोपराखाली दाबायचा असतो. मंच नाही, माइक नाही, पुढ्यात कागद नाही. तोंडं एकमेकांकडे, पाठ गिऱ्हाइकांकडे. याला सेशन म्हणतात. 'केल्टिक संगीत' हा शब्द मी सीडींवर वाचला होता, टेबलावर फारसा ऐकला नाही. तिथे 'ट्रॅड' म्हणतात, म्हणजे 'ट्रॅडिशनल', पारंपरिक.

तर पैसे. टेबलावरच्या दोघांना मिळतात, हे आधी कबूल करते. पबमालक त्यांना ठरवून बोलावतो. ते वेळेवर येतात, दुसरं कुणी फिरकलं नाही तरी वाजवत बसतात, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांना यायला जागा होते. बाकीचे आम्ही आपखुशीचे. कधी मालक एक फेरी पाजतो. मी पीत नाही, म्हणून मला किटलीभर चहा मिळतो. काका, मानधन म्हणाल तर हेच.

पहिल्या बुधवारी मात्र मी गेले ती कलाकार म्हणून. मिरजेला बारा वर्षं शिकलेली, तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या, मांडी घालून वाजवायची सवय. तिथे खुर्चीवर बसून व्हायोलिन हनुवटीखाली धरायचं, हीच आधी पंचाईत. एक रील, म्हणजे नाचाची एक जलद चाल, सुरू झाली. अस्ताई-अंतऱ्यासारखे तिचे दोन भाग असतात, प्रत्येक आठ मात्राखंडांचा. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, असे बत्तीस खंड झाले की एक फेरी पूर्ण. साधारण तीन फेऱ्या झाल्या की न थांबता पुढची ट्यून धरतात. स्वर ओळखीचे वाटले. ते ज्याला डोरियन म्हणतात तो आपला काफी थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज. तिसऱ्या फेरीत मला वाटलं, आता माझी पाळी. मी तान घेतली. चांगली दोन खंडांची, सफाईदार.

कुणी डोळे वटारले नाहीत. नुसतं कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. सगळे ट्यून वाजवत राहिले आणि माझी तान सार्वजनिक ठिकाणी मोठ्याने फोनवर बोलणाऱ्या माणसासारखी एकटीच पुढे गेली. संपल्यावर शेजारचे सत्तरीतले फिडलवाले आजोबा म्हणाले, "छान. आता ही ट्यून तुझ्याकडे आहे का?"

'येते का' नाही, 'आहे का'. मला एकदम आपली 'चीज', म्हणजे बंदिश, आठवली. आपल्याकडेही चीज कुणाकडे तरी 'असते'. जुने उस्ताद ती लपवून ठेवायचे, मुलाला आणि जावयाला द्यायचे, अशा गोष्टी मी गुरुजींकडून पुष्कळ ऐकल्या आहेत. या आजोबांनी मला ती ट्यून तिथेच दोनदा सावकाश वाजवून दाखवली आणि फोनवर रेकॉर्ड करायला लावली. त्यांना ती लहानपणी एका शेजारणीने दिली होती. सगळे तीच ट्यून वाजवतात, पण सारखी नाही. मुरकीसारखा 'रोल' कुणी इथे घेतो, कुणी तिथे. कणस्वराला 'कट' म्हणतात. स्वतःचं जे काही दाखवायचं ते एवढ्याशा जागेत. तान घेण्यापेक्षा हे मला कितीतरी अवघड गेलं. अजून जातं.

आता 'फुकट का' हा पोटप्रश्न. हे नाचाचं संगीत आहे, आणि नाच व्हायचे ते घरोघरच्या स्वयंपाकघरात. वाजवणारा शेजारीच, दिवसा शेतावर. 1935 साली सार्वजनिक नाचांना परवाना लागू झाला आणि घरातल्या नाचांवरही पाद्री-पोलिसांची नजर आली. पबमधलं सेशन तर आणखी अलीकडचं. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला बांधकामावर राबायला गेलेल्या आयरिश लोकांनी तिथल्या पबांत बैठका जमवल्या, तिथून ही रीत घरी आली, असं बहुतेक जण मानतात. इकडे 1951 साली 'कोल्तस' ही संस्था निघाली आणि त्याच वर्षी मलिंगार गावात पहिला 'फ्ला', म्हणजे संगीताचा मेळा, भरला. गावोगावच्या शाखा आजही मुख्यतः स्वयंसेवकच चालवतात.

माझा लाडका माणूस मात्र फ्रान्सिस ओनील. कॉर्क परगण्यात 1848 साली जन्मलेला हा बासरीवाला शिकागोत पोलीसप्रमुख झाला. त्याला स्वरलेखन येत नव्हतं. तो ट्यून डोक्यात साठवायचा आणि दलातल्याच एका फिडलवाल्याला वाजवून दाखवायचा, तो लिहून घ्यायचा. 1903 साली त्याचा संग्रह निघाला तेव्हा त्यात 1850 चाली होत्या. पगार पोलिसाचा, काम हे.

काका स्वतः चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एकादशीला नारळ मिळतो. हे मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं. "ते वेगळं," म्हणाले. का वेगळं, ते सांगितलं नाही.

आणि हो, एकदा मला पैसे मिळालेत. मागच्या हिवाळ्यात ठरलेल्या दोघांतली एक आजारी पडली आणि मालकाने मला बसवलं. साडेनऊ ते साडेअकरा जागचं हलायचं नाही. वाऱ्यापावसामुळे आलेलं कुणीच नाही. आम्ही दोघंच, आणि मोजून पंधरा ट्यून झाल्यावर माझा साठा संपला. दोन-तीन पुन्हा वाजवल्या. सोबतीचा बासरीवाला माझं घड्याळ पाहणं पाहत होता. शेवटी मालकाने पाकीट दिलं. चहा विचारायचा मात्र त्या दिवशी तो विसरला.

पुढच्या बुधवारी मी दहाला गेले. आजोबांनी त्यांच्या शेजारची खुर्ची सरकवली आणि विचारलं, मधल्या आठवड्यात नवीन काय मिळालं तुला?